जो हजर तो बरा

खांबेटे साहेबांच्या कारखान्यात कधी अपघात झाला नाही. माणसांची बोटं चेंगरायची, पाय मुरगळायचे, एकाच्या डोळ्यात पत्र्याची कच जाऊन बसली होती. हे सगळं व्हायचं. अपघात तेवढा व्हायचा नाही. मी त्या कारखान्यात प्रथमोपचाराच्या खोलीत सिस्टर होते, म्हणून मला हा चमत्कार अगदी जवळून बघायला मिळाला. सकाळी फुटलेला हात माझ्या टेबलावर यायचा, आणि संध्याकाळी घरी जाताना गेटवरचा फळा सांगायचा की आजचाही दिवस अपघाताविना पार पडला. वर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र. ते कुणी काढलं होतं देव जाणे, पण त्या चेहऱ्याकडे बघितलं की माझं डोकं फिरायचं.

कारखाना धायरीच्या बाजूला, मोटारींचे पत्र्याचे भाग दाबून काढणारा. भालचंद्र खांबेटे तिथले सेफ्टी ऑफिसर. मी शनिवारात राहते, ते सदाशिवात, त्यामुळे कंपनीच्या बसचा आमचा थांबा एकच. ठेंगणे, गोरे, इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात पोलादी टोकाचे बूट. ते बूट घालून ते भाजी आणायलाही जायचे. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची खिडकी त्यांची, आणि मांडीवर पांढरं हेल्मेट. येता-जाता ते त्या हेल्मेटवरून रुमाल फिरवत बसायचे. मी एकदा म्हटलं, "साहेब, रस्त्यावरच जास्त धोका. इथंच डोक्यावर घाला की."

"बसमध्ये हेल्मेटची तरतूद नाही, सिस्टर," ते म्हणाले. "नियम वाचत जा."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले. रुमाल मात्र धायरीपर्यंत हेल्मेटवरून फिरत राहिला.

माणूस कसा होता ते सांगायचं तर माझ्या पुतणीच्या लग्नातली गोष्ट सांगते. सदाशिव पेठेतलंच कार्यालय. खांबेटे मुलाकडून आमंत्रित. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे हातात अक्षता घेऊन उभे, आणि हे गृहस्थ भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख वाचत होते. तारीख उलटून गेलेली. झालं! 'शुभमंगल सावधान'च्या ऐन गजरात ते व्यवस्थापकाला गाठून त्याची हजेरी घेत होते. माझे थोरले दीर वैतागून म्हणाले, "अहो, आधी अक्षता टाका, मग आग लावा!" त्यांनी टाकल्याही, पण मान व्यवस्थापकाकडेच होती.

इथपर्यंत ठीक. विक्षिप्त माणूस म्हणून मीही हसले असते. पण पंगतीच्या वेळी वाढप्याच्या हातून आमटीचं पातेलं कलंडलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत त्याचं सगळं भाजलं. जो तो खांबेट्यांकडे बघायला लागला. सकाळपासून सगळ्यांना सुरक्षेचे पाठ देणारा माणूस समोर बसलेला, दुसरं कुणाकडे बघणार? खांबेट्यांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाले, "कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आहे. केटररला सांगा." मी पानावरून उठले, पोराचा हात नळाखाली धरला, आणि परत येईपर्यंत यांचा मठ्ठा पिऊन झाला होता.

त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही हं. तो माणूस त्यांच्या हद्दीतला नव्हता, एवढंच. हद्दीतला असता तर बघायला नको होतं.

हद्दीतल्यांचं काय व्हायचं ते आता ऐका. आमच्या हेड ऑफिसचा नियम असा, की जखमी माणसाचा दुसऱ्या दिवसापासून इजेपायी एक जरी खाडा पडला तर तो अपघात धरायचा. आला, तर किरकोळ इजा. हा नियम ज्यानं केला त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल की खरचटणं आणि हाड मोडणं यात काहीतरी फरक करायला हवा. त्याला खांबेटे ठाऊक नव्हते. खांबेट्यांनी नियम वाचला, आणि त्यांना त्यात एकच वाक्य दिसलं: माणूस आला पाहिजे.

मग काय, आणा त्याला!

सकाळी सात वाजता कंपनीची गाडी जखमी माणसाच्या दारात उभी. पाय मोडलेला असेल तर दोघं धरून खाली उतरवायचे. गेटवरच्या यंत्रावर अंगठा लावायचा. उजवा अंगठा बँडेजमध्ये असेल तर डावा. यंत्राला काय कळतंय? नंतर त्याला कॅन्टीनच्या कोपऱ्यात, पाण्याच्या कूलरजवळ नेऊन बसवायचं. एखाद्या वर्षी तिथं एका वेळी तीन-तीन माणसं बसलेली असायची, कुणाचा हात गळ्यात, कुणाचा पाय खुर्चीवर. नव्या आलेल्या एका इंजिनिअर मुलीनं मला विचारलं होतं, "सिस्टर, ही वेटिंग रूम आहे का?" म्हटलं, "हो बाई. हाडं जुळायची वाट बघतात."

मी भांडले नाही असं समजू नका. "साहेब, याला घरी झोपू द्या, पाय वर ठेवायला सांगितलाय," असं मी किती वेळा म्हटलं असेल. त्यावर त्यांचं एकच उत्तर. चष्म्याच्या वरून बघायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, जो हजर तो बरा." जणू ज्ञानेश्वरीतली ओवीच! मी एजन्सीकडून आलेली सिस्टर, माझा करार दर वर्षी संपायचा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, चहा प्यायचे, सही करून जायचे. मॅनेजरसाहेबांना फळा आवडायचा. दाद मागायची कुणाकडे?

बसलेल्या माणसाला काम हवं, नाहीतर ती हजेरी खोटी ठरेल, हेही खांबेट्यांना कळत होतं. म्हणून ते त्यांना घोषवाक्यं करायला बसवायचे. सुरक्षा सप्ताह जवळ आला की घोषवाक्यं, नसेल तेव्हा पुढच्या वर्षीसाठी घोषवाक्यं. पाय मोडलेला माणूस ध्वनिक्षेपकावर वाचायचा, 'जपून टाका पाऊल, घरी वाट बघते मूल.' कारखानाभर ते ऐकू जायचं. आणि लोक हसायचे, बरं का. चांगले खो खो हसायचे.

हसणारच. कारण वर्षभर फळ्यावर एकही अपघात चढला नाही तर सगळ्या कामगारांना बक्षीस मिळायचं. एका वर्षी कुकर, एका वर्षी प्रवासाची बॅग, एका वर्षी मिक्सर. फळा बिघडला तर कुणालाच काही नाही. म्हणजे खांबेट्यांना कुणावर जबरदस्ती करायची वेळच यायची नाही. जखमी माणसाला त्याचेच सोबती सांगायचे, "ये की रे गड्या उद्याच्याला. तुझ्या एका बोटापायी आमच्या बायकांचा मिक्सर घालवतो का?" आणि तो यायचा. माणूस मोडलेल्या हाडानं येईल, पण चार माणसांत वाईट होणार नाही. हे खांबेट्यांनी बरोबर ओळखलं होतं. तेवढी अक्कल होती त्यांना.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडलं? पगार चालू, चहा-नाश्ता फुकट, पंख्याखाली बसायचं. तर काय बिघडलं ते सांगते. कमी पगाराच्या कामगारांना सरकारी ईएसआय, म्हणजे कामगार विमा, असतं. पगार एका मर्यादेच्या वर गेला की ते सुटतं. अशा लोकांसाठी कंपनीनं वेगळा विमा उतरवला होता. कामावर इजा झाली, किंवा कामापायी एखादा आजार जडला, तर उपचाराचा खर्च, बुडालेल्या पगाराचा वाटा, आणि कायमचं अधूपण आलं तर त्याची भरपाई मालकानं द्यायची, आणि मालकाच्या वतीनं ती विमा कंपनीनं द्यायची. चूक कुणाची, याचा फारसा कीस काढायचा नाही. इतका सरळ, शहाणा कायदा. पण त्यासाठी आधी एक गोष्ट घडावी लागते, ती म्हणजे अपघात. आणि नेमका तोच आमच्याकडे व्हायचा नाही. विम्याचा हप्ता बाकी इमानेइतबारे भरला जायचा. वर दावे नाहीत म्हणून त्यात सूट मिळायची, आणि त्या सवलतीचं श्रेय खांबेट्यांना.

आजाराचं तर विचारूच नका. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या मशिनींच्या विभागात, बबनराव म्हणून एक जुने ऑपरेटर होते. आयुष्य त्या धडाडधूममध्ये गेलं, दोन्ही कान गेले. माझ्याशी बोलताना ते माझ्या ओठांकडे बघायचे. मी खांबेट्यांना सांगितलं, "साहेब, हे कामामुळे झालंय. याची भरपाई मिळते." खांबेटे म्हणाले, "वयानं होतं ते, सिस्टर. माझ्या वडिलांनाही शेवटी ऐकू यायचं नाही. ते तर पोस्टात होते." मी म्हटलं, "बबनरावांचं वय पंचेचाळीस आहे." तर म्हणाले, "काहींचं लवकर होतं." आणि मग स्वतः प्रेस शॉपमध्ये जाऊन त्यांनी बबनरावांना कानात घालायचे बोळे दिले. कान गेल्यावर बोळे! बबनरावांनी ते प्रसादासारखे दोन्ही हातांनी घेतले.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर मीच खोटी ठरेन. हा माणूस पैसे खाणारा नव्हता. दिवाळीत कॉन्ट्रॅक्टर मिठाईचे पुडे आणायचे, ते हा तसेच कॅन्टीनमध्ये पाठवायचा. कॅन्टीनमधल्या जखमींसाठी तो घरून डबा आणायचा, खांबेटेवहिनींच्या हातचा मेतकूट-भात आणि वर तूप. उजवा हात मोडलेल्याला स्वतःच्या हातानं भरवताना मी त्याला पाहिलंय. "खा रे, हाडं लवकर जुळतील." आणि हे नाटक नव्हतं. त्याला मनापासून वाटायचं की आपण ह्यांना सांभाळतोय. म्हणून तर मला त्याचा जास्त राग यायचा. लबाड माणसाला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं. याला तेही नाही!

आणि मग मारुतीचा हात गेला.

मारुती पोकळे, मेंटेनन्सचा फिटर, पगार ईएसआयच्या मर्यादेवर गेलेला. खडकवासल्याच्या पुढच्या गावातला. घरची जमीन रस्त्यात आणि धाकट्या चुलत्याच्या कोर्टकचेरीत गेलेली, त्यामुळे घर चालायचं ते याच्या दोन हातांवर. हात सोन्याचे. माझ्या खोलीतला कात्र्या-चिमटे उकळायचा डबा, माझ्या घरची शिलाई मशीन, सगळं त्यानं दुरुस्त केलेलं. बोलायला मोकळा. "सिस्टर, तुमचं मशीन म्हातारं हाय, पर जिद्दीचं हाय," असं काहीतरी म्हणून स्वतःच हसायचा.

प्रेसची डाय बदलत होते. डाय म्हणजे दोन माणसांना न हलणारा लोखंडाचा साचा. साखळी सरकली आणि साचा त्याच्या उजव्या हातावर बसला. माझ्याकडे आणला तेव्हा त्यानं तो हात डाव्या हातात धरला होता, आणि ओरडत नव्हता. मी बघितलं आणि तिथंच मला कळलं. चारी बोटांच्या मुळाशी हाडं चेपली होती. गुंडाळून दवाखान्यात पाठवला. तिथल्या सर्जननं प्लास्टरचा आधार दिला आणि सांगितलं, सूज उतरली की लगेच, आठवड्याच्या आत ऑपरेशन करायचं. उशीर नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुती कॅन्टीनमध्ये कूलरजवळ बसलेला. चेहरा पांढराफटक. पुढच्या आठवड्यात हेड ऑफिसचं पथक ऑडिटला यायचं होतं, आणि खांबेट्यांना निवृत्तीपूर्वीचा मोठा सुरक्षा पुरस्कार मिळायचा होता. ऑपरेशन म्हणजे दवाखान्यात भरती, भरती म्हणजे गैरहजेरी, आणि गैरहजेरी म्हणजे अपघात. खांबेटे त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मी चहा घ्यायच्या निमित्तानं तिथंच उभी होते.

"मारुती, तेवढं ऑडिट होऊन जाऊ दे. मग कंपनी सगळं बघेल. माझा शब्द."

"डाक्टर म्हनले, उशीर नको."

"डॉक्टर असंच म्हणतात रे. हात प्लास्टरमध्ये सुरक्षित आहे ना?"

मी मध्ये पडले. "साहेब, हाडं वेडीवाकडी जुळली तर बोटं वळणार नाहीत. हा फिटर आहे."

"सिस्टर," ते म्हणाले, "आपण प्रथमोपचार बघा."

मारुतीनं माझ्याकडे बघितलं, मग पलीकडच्या टेबलाकडे. तिथं त्याचे सोबती नाश्ता करता करता थांबले होते. वर्ष संपायला थोडे दिवस राहिले होते. त्या वर्षी मिक्सर होता. "राहू द्या सिस्टर," तो म्हणाला. "सायेब म्हनत्यात तर राहू द्या."

ऑडिटच्या दिवशी ध्वनिक्षेपकावर त्याचा आवाज आला. 'हात असतील शाबूत, तर संसार राहील काबूत.' पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या खोलीचं दार लावून घेतलं. तुम्हाला सांगते, इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

ऑपरेशन झालं ते ऑडिट उरकल्यावर, साध्या आजारपणाची रजा दाखवून, आणि फार उशिरा. हात दिसायला बरा झाला, जखम भरली, बोटं सरळ राहिली. सरळच राहिली. मूठ वळेना. सर्जननं स्पष्ट सांगितलं की आता एवढंच. पाना धरता येईना, स्क्रू फिरवता येईना. काही महिने कंपनीनं त्याला गेटवर बसवलं, मग एक दिवस सांगितलं की तुझ्याजोगं काम नाही, राजीनामा दे. खांबेटे तोवर पुरस्कार घेऊन निवृत्त झाले होते. त्यांचा शब्दही त्यांच्याबरोबर निवृत्त झाला.

मारुतीच्या बायकोचं नाव सुमन. घरी दोन मुली शाळेत. सुमन बाई खमकी. नवऱ्याला घेऊन ती एका वकीलबाईंकडे गेली, आणि कामगार न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लागला. कंपनीनं उत्तर काय द्यावं? म्हणे, असा अपघात झालाच नाही. हा इसम सांगतो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज कामावर हजर आहे. हाताला जे काही झालं ते घरी झालं असेल, गोठ्यात म्हशीनं लाथ मारली असेल. म्हैस! त्या घरात म्हैस सोडा, मांजरही नव्हतं. विमा कंपनीचे वकील म्हणाले, आम्हाला अपघाताची खबरच कधी मिळाली नाही, आम्ही का द्यायचं? सोबती साक्षीला येईनात. त्यांच्या नोकऱ्या होत्या. मी तोवर काम सोडलं होतं, मी गेले. पण कंपनीच्या वकिलानं मला विचारलं, "बाई, साचा हातावर पडताना आपण पाहिलात?" म्हटलं, "नाही. मी हात पाहिला." "म्हणजे अपघात पाहिला नाहीत," असं म्हणून तो खाली बसला. चोर कुठला!

म्हणजे सगळं येऊन ठेपलं खांबेट्यांवर. अपघात झाला असं म्हणणारा माणूस नाही, तर दावा पडणार, आणि त्या चौघांनी खायचं काय ते कुणी सांगू शकत नव्हतं. कंपनीनं खांबेट्यांना साक्षीला बोलावलं ते मारुती रोज हजर होता हे सांगायला. ते आले. तोच पांढरा शर्ट, तेच पोलादी बूट. हेल्मेट तेवढं नव्हतं. मारुतीकडे बघून त्यांनी ओळखीचं हसू दिलं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ताठ उभे राहिले.

कंपनीच्या वकिलांनी त्यांना पढवून आणलं होतं, विचाराल तेवढंच बोला. पहिली प्रश्नोत्तरं झाली. हजर होता? होता. रोज? एकही दिवस खाडा नाही. पगार कापला? छे. खांबेट्यांचा चेहरा खुलला होता. आपलं काम कुणीतरी एवढं नीट वाचून दाखवतंय, याचाच त्यांना आनंद होता.

मग मारुतीच्या वकीलबाई उठल्या. तरुण पोरगी, आवाज मऊ. त्यांनी अपघाताचं नावच काढलं नाही. म्हणाल्या, "खांबेटे साहेब, आपण सुरक्षेचे पुरस्कारविजेते अधिकारी. हा माणूस उजवा हात प्लास्टरमध्ये असताना रोज हजर होता, म्हणजे आपण त्याला तसाच प्रेसवर उभा करत होतात?"

खांबेटे एकदम ताठरले. "मुळीच नाही."

"हजर होता म्हणता. तो फिटर. मग एका हातानं मशीन खोलत होता?"

"अहो, काय बोलता आपण!" कंपनीचे वकील उठायच्या आत यांचा आवाज चढला. "माझ्या कारखान्यात प्लास्टरमधला माणूस मशिनजवळ फिरकू शकत नाही! हा गंभीर आरोप आहे."

"मग होता कुठं?"

"कॅन्टीनमध्ये! मी स्वतः बसवत होतो. माझी गाडी घरून आणायची, घरी सोडायची. विचारा त्याला. विचारा सिस्टरांना, त्या तिथं बसल्यात."

"किती दिवस?"

"ऑपरेशन होईपर्यंत."

"म्हणजे कधीपासून, साहेब?"

"अपघात झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून!" खांबेटे छाती काढून म्हणाले. "डाय हातावर पडल्यानंतर एक क्षणही मी त्याला शॉप फ्लोअरवर येऊ दिलेलं नाही. लिहून घ्या, मॅडम."

समोर न्यायाधीशाच्या जागी बसलेल्या आयुक्त मॅडमनी लिहून घेतलं. कंपनीच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. विमा कंपनीचे वकील कागद आवरायला लागले. सुमननं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं होतं. खांबेटे मात्र पिंजऱ्यात उभे, आपल्या अब्रूवरचा डाग पुसल्याच्या समाधानात. त्यांना अजून कळलं नव्हतं. देवाशप्पथ सांगते, त्यांना कळलंच नव्हतं.

पुढं काही महिन्यांनी निकाल मारुतीच्या बाजूनं लागला, आणि विमा कंपनीला भरपाई भरावी लागली. उशीर केल्याचा दंड कारखान्याच्या बोकांडी बसला. मारुतीनं गावात पिठाची गिरणी टाकली. बटण डाव्या हातानंही दाबता येतं. कारखान्यानं खांबेट्यांच्या जागी दुसरा माणूस आणला, फळा तसाच ठेवला.

पण खांबेट्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या साक्षीच्या दिवशी, न्यायालयाच्या बाहेरच्या व्हरांड्यात. कंपनीचे वकील त्यांना तिथंच सोडून तरातरा निघून गेले होते. खांबेटे माझ्याजवळ आले. "सिस्टर, बघितलंत? मशीनवर उभा केला म्हणे! आपण असं कधी केलंय का?"

काय बोलणार, कपाळ?

मग ते मारुतीकडे वळले. "काय रे, बरा आहेस ना? घरचे बरे?" आणि हसून त्यांनी उजवा हात पुढे केला. मारुती जरा घोटाळला. मग त्यानंही आपला उजवा हात पुढे केला. खांबेट्यांनी तो जोरजोरात हलवला, आणि मध्येच थांबले. त्यांच्या तळहातात ती चार बोटं नुसती सरळ पडून होती.

"अरे, घट्ट धर की," ते म्हणाले. "पुरुषासारखा."

"एवढंच हाय, सायेब," मारुती म्हणाला. "ह्याच्या म्होरं जात न्हाई."

खांबेट्यांनी खाली बघितलं. हात त्यांच्याच हातात होता, पण सोडावा की धरून ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी सुमन पुढे झाली, तिनं त्यांच्या मुठीतून नवऱ्याचा हात हळूच काढून घेतला आणि दोघं बसस्टॉपकडे चालायला लागली. खांबेटे त्याच जागी उभे होते, आपला हात अजून तसाच पुढे करून.